मिनिटांचे पाठभेद

(अहिल्यानगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



चित्रपटाच्या कोशात सर्वांत दुर्लक्षित नोंद कोणती असेल, तर ती लांबीची. दिग्दर्शक कोण, चाली कोणाच्या, नायिका कोण, यावर माणसं हिरिरीनं भांडतात. नोंदीच्या शेवटी छापलेल्या मिनिटांच्या आकड्यावर कोणी भांडत नाही. तो आकडा तिथे असतो आणि आपण तो मुकाट्यानं मान्य करतो. आज मी त्या आकड्यावरच बोलणार आहे. कोश कष्टानं केलेला आहे की उचलेगिरी करून, याची सर्वांत चांगली परीक्षा तिथेच होते असं माझं मत आहे.

सुरुवात आपल्या गावच्या माणसापासून करतो. शाहू मोडक यांचा जन्म याच शहरातला, 25 एप्रिल 1918 चा. ख्रिस्ती घरातला हा मुलगा 1932 च्या 'श्यामसुंदर'मध्ये कृष्ण झाला आणि 1940 मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर झाला. त्यांनी 29 वेळा कृष्ण रंगवला, हे वाक्य त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत असतं. आता हा आकडा तपासायला बसा. पहिल्याच पायरीवर अडायला होतं: एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत निघाला असेल तर तो एक धरायचा की दोन? ज्यानं पहिल्यांदा मोजलं त्यानं काय धरलं, हे त्या वाक्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

हा प्रश्न किरकोळ नाही. 1939 चा 'माणूस' घ्या. व्ही. शांताराम यांनी त्याच वेळी त्याची हिंदी आवृत्ती 'आदमी' केली. मराठीत शाहू मोडक हवालदार गणपत आहेत आणि शांता हुबळीकर मैना. हिंदीत तोच हवालदार मोती आहे आणि तीच बाई केसर. सेट तेच, नट तेच, दिग्दर्शक तोच. पण हे डबिंग नव्हे. मराठी संवादांचं चित्रण वेगळं, हिंदी संवादांचं वेगळं. म्हणजे निगेटिव्ह दोन आणि लांब्याही दोन. तरीही काही ठिकाणी 'आदमी' हा 'माणूस'चा रिमेक ठरतो आणि काही ठिकाणी भाषांतर. कहर म्हणजे 1968 मध्ये दिलीपकुमारचा 'आदमी' आला. त्याचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही, पण नावावरून नोंदी जुळवणाऱ्यानं घाई केली तर दोन्ही चित्रपटांचे नट एकाच पानावर येऊन बसतात.

'प्रभात'च्याच 'कुंकू'ची, म्हणजे 1937 ची, तीच कथा. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. मराठी 'कुंकू' 162 मिनिटांचा आणि हिंदी 'दुनिया ना माने' 166 मिनिटांचा, अशा नोंदी सापडतात. चार मिनिटं म्हणजे फिल्मच्या हिशेबात तीनशे साठ फूट. एका भाषेत संवाद लांबला, एखादा प्रसंग जरा जास्त राहिला, की एवढा फरक पडतोच. आता समजा एका कोशात 162 आहे आणि दुसऱ्यात 166, आणि कोणी भाषाच लिहिलेली नाही. वाचक म्हणणार, एकानं चूक केली. वास्तविक दोघंही बरोबर आहेत. दोघांनी दोन वेगळ्या चित्रपटांची लांबी दिली आहे.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. शके 1212 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढं प्रतींवरून प्रती झाल्या आणि लिहिणाऱ्यांच्या हातून शब्द बदलत गेले. म्हणून शके 1506 मध्ये एकनाथांना प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. तेव्हापासून आपण पाठभेद ही गोष्ट जाणतो. चूक वेगळी, पाठभेद वेगळा. चूक दुरुस्त करायची असते, पाठभेद नोंदवायचा असतो. चित्रपटाच्या प्रती हाताखालून गेल्या तेव्हा त्यांचंही असंच झालं. मात्र आपले चित्रकोश अजून सगळे भेद चूक म्हणून एकाच पोत्यात भरतात.

हे भेद कसे पडतात ते जरा तपशिलात पाहू, कारण खरी मौज आणि खरी अडचण तिथेच आहे.

35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात. बोलपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं आणि वर सहा-सात सेकंद चालतं. 14,400 फुटांचा चित्रपट बरोबर 160 मिनिटांचा. तोच दूरदर्शनवर किंवा आपल्याकडच्या व्हीसीडीवर पाहिलात तर 153 मिनिटं आणि छत्तीस सेकंदांत संपतो, कारण टीव्हीच्या आपल्या पद्धतीत चित्रं सेकंदाला पंचवीस या वेगानं धावतात. एक चौकटही कापलेली नसते. गाण्यांचा सूर किंचित चढलेला असतो, तो जाणकार कानाला कळतो. व्हीसीडी लावून घड्याळ बघणाऱ्यानं '153' लिहिलं आणि सेन्सॉरच्या फुटांवरून गणित करणाऱ्यानं '160' लिहिलं. दोघंही प्रामाणिक. पण पुढचा संकलक म्हणतो, सात मिनिटं कापली गेली, आणि न झालेल्या कापाकापीची एक दंतकथा सुरू होते.

मूकपटात याहून मोठा घोळ आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. चार रिळं, 3,700 फूट. हे आकडे बहुतेक ठिकाणी सारखे मिळतात. मिनिटांवर आलं की मात्र कोणी चाळीस लिहितं, कोणी पन्नास, कोणी तासभर. आता गणित करू. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर मिनिटाला साठ फूट, म्हणजे 3,700 फुटांना एकसष्ट मिनिटं आणि चाळीस सेकंद. सेकंदाला चोवीस धरल्या तर एक्केचाळीस मिनिटं. चाळीसच्या घरातला आकडा फक्त बोलपटाच्या वेगानं भागल्यावर मिळतो, आणि तो वेग 1913 मध्ये नव्हता. कॅमेरा हातानं फिरवायचा आणि प्रोजेक्टरही. फिरवणाऱ्याच्या मनगटावर वेग ठरायचा. म्हणून मूकपटाची खरी लांबी फुटांत सांगायची आणि मिनिटं दिलीच तर कोणता वेग धरला ते शेजारी लिहायचं. ज्या कोशात 'राजा हरिश्चंद्र, 40 मिनिटं' एवढंच आहे, त्याच्या इतर मूकपटांच्या मिनिटांवर मी विसंबत नाही.

याच चित्रपटाची दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ जपलेलं आहे. आपण माहितीपटांत पाहतो ती दृश्यं तिथली. पण फाळक्यांनी 1917 मध्ये हाच विषय पुन्हा चित्रित केला, 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र'. उरलेली रिळं 1913 ची नसून 1917 ची आहेत, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. म्हणजे पहिला भारतीय कथापट म्हणून मुलांना दाखवलं जाणारं चित्र कदाचित पहिलं नव्हेच. हे ज्या पुस्तकात लिहिलेलं नाही, त्यात लांबीचा आकडा 1913 च्या चित्रपटाचा असतो आणि छायाचित्र बहुधा 1917 चं. दोन्ही एकाच चौकटीत.

परदेशातही हा प्रश्न आहेच. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' जानेवारी 1927 मध्ये बर्लिनमध्ये लागला तेव्हा 4,189 मीटरचा होता. चोवीसच्या वेगानं 153 मिनिटं, वीसच्या वेगानं 183. नंतर तो कापला गेला, कापलेलं हरवलं, आणि 2008 मध्ये ब्युनोस आयर्समध्ये जवळपास पूर्ण प्रत हाती आली. तोवर छापलेला प्रत्येक आकडा आपापल्या प्रतीपुरता खरा होता. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची लांबी प्रतिष्ठित संस्था 112 पासून 126 मिनिटांपर्यंत वेगवेगळी सांगतात. ही काही दुर्मीळ रिळं नव्हेत, जगभर दाखवला गेलेला चित्रपट आहे.

प्रत कशी आखूड होते हे मी संग्रहालयातल्या टेबलावर पाहिलं आहे. तपासणारा माणूस सुती हातमोजे घालतो, रीळ एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सावकाश ओढतो आणि फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीत हलके धरून ठेवतो. सांधा आला की बोटाला लागतो. तो थांबतो, सांधा पाहतो, कागदावर खूण करतो आणि पुढे जातो. रिळाच्या मध्यावर सांधे विरळ असतात. सुरुवातीला आणि शेवटाला मात्र खंडीभर. त्याचं कारण थिएटरच्या केबिनमध्ये आहे. एक मशीन संपायच्या आत दुसरं सुरू करावं लागायचं, म्हणून रिळाच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात गोल खुणा असतात. तिथे फिल्म सर्वांत जास्त हाताळली जायची, सर्वांत जास्त झिजायची, तुटायची. तुटली की ऑपरेटर फाटलेल्या चौकटी कापायचा आणि सिमेंट लावून जोडायचा. दर जोडीला एक-दोन चौकटी जायच्या. मोठ्या शहरातून तालुक्याला, तालुक्यातून जत्रेतल्या तंबूत, असा प्रवास करून आलेल्या प्रतीत प्रत्येक रिळाच्या टोकाचे संवाद अर्धवट उरतात. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या 2016 च्या माहितीपटात महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या सिनेमांची अखेरची वर्षं दिसतात. ज्यांनी तंबूत बसून चित्रपट पाहिले आहेत त्यांना जीर्ण प्रतीची ती अचानक उडी आठवत असेल.

त्यातच जुनी फिल्म आकसते. टेपनं मोजली तर लांबी कमी भरते, चौकटी मात्र तेवढ्याच असतात. म्हणून जाणता संग्राहक दातेरी चाकावर चौकटी मोजतो, फूटपट्टीवर विसंबत नाही. कोशात '13,950 फूट' असं छापलेलं असेल तर ते कागदावरून घेतलं की टेबलावर मोजलं, हे कळल्याशिवाय त्या अचूकतेला काही अर्थ नाही.

मग विसंबायचं कशावर? पहिला आधार सेन्सॉरचं प्रमाणपत्र. चित्रपटाच्या आधी पडद्यावर जो कागद दिसतो आणि ज्याकडे आपण बघत नाही, त्यावर भाषा, लांबी, रिळांची संख्या, क्रमांक आणि तारीख असते. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात काय कापायला लावलं त्याची नोंद असते. लांबी आधी फुटांत, मग मीटरमध्ये, आता डिजिटल चित्रपटांसाठी मिनिटांत. इथेही एक सापळा आहे. आजच्या प्रमाणपत्रावर '142.50' असं असेल तर ती 142 मिनिटं पन्नास सेकंद, एकशे साडेबेचाळीस नव्हेत. दशांश समजून वाचणारे मी पाहिले आहेत. आणि प्रमाणपत्र हेही शेवटचं सत्य नाही. चित्रपट लागल्यावर निर्माते कात्री लावतात, गाणं काढतात, पुन्हा घालतात. प्रमाणपत्र एका दिवशीची लांबी सांगतं. तारखेसकट वाचलं तर ते उत्तम साक्षीदार आहे.

दुसरा आधार म्हणजे चोपड्या. थिएटरच्या दारात पूर्वी विकल्या जाणाऱ्या, गोष्ट 'पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पहा' म्हणून अर्ध्यावर सोडणाऱ्या, स्वस्त कागदावरच्या गाण्यांच्या चोपड्या. चोपडीत आठ गाणी असतील आणि हाती आलेल्या प्रतीत सहाच, तर प्रत अपुरी आहे किंवा गाणी आधीच काढली गेली, यातलं काहीतरी नक्की. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' बँकेची नोकरी सांभाळून 'हिंदी फिल्म गीत कोश' करत राहिले. त्याचा 1951 ते 1960 या दशकाचा खंड 1980 मध्ये आला. सेन्सॉरच्या नोंदी, चोपड्या, तबकड्या यांचा मेळ घालत केलेलं ते काम आहे. पुण्याच्या बी. व्ही. धारप यांनी 1970 च्या दशकात वर्षावर्षाचे 'इंडियन फिल्म्स'चे खंड काढले. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलमेन यांचा ज्ञानकोश 1994 मध्ये आला आणि 1999 मध्ये सुधारून निघाला. या माणसांविषयी मला अपार आदर आहे. त्यांच्या पुस्तकांत चुका सापडतील, आणि शोधाव्यात. पण ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनी या चुका मिरवू नयेत.

सालांच्या चुका मी झटपट आटोपतो, कारण त्यांचं मूळ सोपं आहे. 'श्यामची आई' 1953 चा, पण राष्ट्रपतींचं सुवर्णपदक 1954 मध्ये दिलं गेलं. म्हणून तो कुठे कुठे 1954 चा होतो. नगरच्या महाविद्यालयात शिकलेले नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 2013 मध्ये महोत्सवांत दाखवला गेला, त्याला त्याच वर्षासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो थिएटरांत लागला 14 फेब्रुवारी 2014 ला. दोन्ही सालं खरी आहेत. कोशानं एकदाच प्रस्तावनेत सांगावं की आम्ही अमुक साल धरतो. नावांच्या सारखेपणाचंही तेच. आपल्या शिर्डीच्या साईबाबांवर 1955 मध्ये मराठी चित्रपट आला, 1977 मध्ये सुधीर दळवींचा हिंदी आला, 1986 मध्ये तेलुगू आला. तिन्हींच्या नावांत शिर्डी आणि साईबाबा आहेत. दिग्दर्शकाचं नाव न पाहता नोंद उचलली की गोंधळ ठरलेला. आणि आता आपल्या नगरचं नाव अधिकृतपणे बदलून अहिल्यानगर झालं आहे, तेव्हा पुढच्या संकलकांना माझी विनंती आहे: शाहू मोडकांच्या जन्मस्थळापुढे आजचं नाव लिहा, पण तेव्हाचंही ठेवा. 1918 च्या कागदांत शोधणाऱ्याला तेच लागणार आहे.

आता उचलेगिरीबद्दल. तीन पुस्तकांत एकच आकडा आहे म्हणून तो खरा, असं आपण धरून चालतो. तिघांनी एकमेकांवरून घेतला असेल तर साक्षीदार एकच. हे ओळखायचं कसं? सारख्या बरोबर नोंदींवरून कळत नाही, सारख्या चुकांवरून कळतं. दोन पुस्तकांत एकाच नटाच्या नावातलं एकच अक्षर पडलेलं असेल, तर दुसऱ्यानं पहिल्यावरून उतरवलं. शाळेतले मास्तर जुळणाऱ्या चुकांवरून कॉपी पकडतात तसंच हे. मग त्या दुसऱ्या पुस्तकातला लांबीचा आकडा स्वतंत्र पुरावा म्हणून बाद करायचा. माझ्या मते संदर्भग्रंथातला सर्वांत मोठा दोष चूक हा नाही. आकडा कुठून आणला ते न सांगणं हा आहे. चूक पुढचा माणूस सुधारू शकतो. उगम लपवला तर त्याला काहीच करता येत नाही; तो फक्त मानू शकतो किंवा नाकारू शकतो.

अमेरिकेतलं लेनर्ड माल्टिन यांचं चित्रपट-मार्गदर्शक 1969 पासून निघत होतं, त्याची शेवटची छापील आवृत्ती 2014 मध्ये आली. आता सगळे फोनवर बघतात. फोनवरचा आकडा कोणी, कधी, कशावरून टाकला हे विचारायची सोयच उरलेली नाही. छापील पुस्तकाला निदान पान असतं, आवृत्ती असते, संपादकाचं नाव असतं. त्याला पत्र लिहिता येतं आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती मागता येते.

मराठी बोलपटाला 1932 च्या 'अयोध्येचा राजा'पासून नव्वदहून अधिक वर्षं झाली. पुण्यात 8 जानेवारी 2003 रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या तिजोरीला आग लागली आणि नायट्रेटची कितीतरी रिळं गेली. त्यांत 'प्रभात'चीही होती. ज्या चित्रपटाची प्रत उरलेली नाही, त्याचा कोशातला चार ओळींचा मजकूर हाच आता तो चित्रपट आहे. तिथे आकडा चुकला तर ताडून पाहायला पडदा नाही. म्हणून या मिनिटांचा मी एवढा आग्रह धरतो.

या सभागृहात असे लोक नक्की असतील ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी थिएटरात नोकरी केली, तंबू चालवला, जाहिराती रंगवल्या, किंवा नुसत्याच चोपड्या जमवल्या. माळ्यावरची ती ट्रंक रद्दीत घालू नका. चोपडी, हस्तपत्रक, वितरकाची चिठ्ठी, रिळांच्या पेटीवरचं लेबल, प्रमाणपत्राची प्रत, जे असेल ते कोरड्या जागी ठेवा आणि सोबत वेगळ्या कागदावर लिहा: कोणाकडून आलं, कोणत्या गावचं, साधारण कोणत्या वर्षीचं. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोडा, अंदाज लिहू नका. मग जिल्ह्यातल्या ग्रंथालयाला किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आणि डब्यात 1950 च्या आधीची फिल्म निघाली तर ती घरात उघडून बसू नका, दिव्याजवळ किंवा स्वयंपाकघरात तर मुळीच नको. नायट्रेट असली तर ती पटकन पेट घेते आणि विझवता येत नाही. डबा तसाच बंद ठेवा, हवेशीर थंड जागी बाहेर काढा आणि त्याच दिवशी संग्रहालयाला फोन करा.